हळदवालीचं आईपत्र

फार पूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते विचारू नका, नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक हळदवाली राहत होती. हळकुंडं शिजवायची, उन्हात वाळवायची, उखळात घालून मुसळानं कांडायची आणि तलम फडक्यातून गाळायची, हा तिचा रोजचा उद्योग. तिच्या हळदीला पंचक्रोशीत तोड नव्हती. लग्न कुणाच्याही घरचं असो, नवरानवरीच्या अंगाला हळद लागायची ती हिच्याच उखळातली.

बाई कामाला मोठी झपाटलेली. कांडताना हळद उडायची, नाकात जायची, नाक हुळहुळायचं. मग ती पालथ्या हातानं नाक खसाखसा चोळायची आणि पुन्हा मुसळ उचलायची. स्वभावानं मात्र जरा करडी होती. घरात तांब्या वाकडा ठेवलेला तिला खपत नसे. अंगणातली रांगोळी एका टिंबानं चुकली, तर सगळी पुसून ती पहिल्यापासून काढायची. आणि थट्टा तर तिला अजिबात सोसत नसे. गावातल्या बायका तिच्याशी बोलायच्या, हसायच्या, पण जरा जपूनच.

तिला एकच मुलगी होती. नाव सोनकी, वय सात. आई जितकी टापटिपीची, तितकीच ही पसाऱ्याची. केसांत गवताच्या काड्या, परकराला चिखल आणि खिशात कसल्यातरी बिया. आईचा जीव मात्र या पसाऱ्यात पुरता गुंतलेला होता. दिवसभर ती पोरीवर ओरडायची आणि रात्री पोर झोपली की तिच्या केसांतल्या काड्या हळूच वेचायची.

आता त्या गावाची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

श्रावण सरता सरता पिठोरी अमावास्या येते. त्या दिवशी सकाळी गावात बैलांचा मान असे आणि दुपारनंतर आयांचा. बैलांची शिंगं रंगवून झाली की उरलेला रंग पोरांना मिळायचा, कारण पोरांचं रंगकाम तोवर कुठेतरी अडलेलंच असायचं. रंगवायचं काय, तर आईपत्र. आजकाल मुलं भेटकार्ड रंगवून आईला देतात ना, तसंच ते होतं, फक्त यंत्राऐवजी ते एक म्हातारा ठसेकार छापायचा.

या ठसेकाराला सगळं गाव आबा म्हणे. दर वर्षी आबा सागाच्या फळीवर एक नवं चित्र कोरायचे. काजळ आणि डिंक खलून शाई करायची, ठशाला लावायची, जाड कागदावर ठसा दाबायचा, की झालं चित्र तयार. पण नुसत्या रेघा. आत रंग नाही की काही नाही. पिठोरीच्या पंधरा दिवस आधी आबा ओट्यावर बसून गावातल्या प्रत्येक पोराला एकेक कागद द्यायचे आणि दर वर्षी तेच बजावायचे.

"रेघा माझ्या, रंग तुमचे. कागदावर नाव लिहायचं नाही. आणि आईला दाखवायचं नाही!"

मग पंधरा दिवस गावात नुसती लपवाछपवी चालायची. कुणी नीळ पळवायचं, कुणी गेरू, कुणी पानं ठेचून हिरवा रस काढायचं. हळदीत चुना कालवला की झकास लाल रंग होतो, हे त्या गावात पोरांना पाढ्यांच्या आधी यायचं. रंगवून झालं की पत्राची गुंडाळी करायची, दोऱ्यानं बांधायची आणि पिठोरीच्या दुपारी पाराजवळच्या मोठ्या टोपलीत नेऊन टाकायची.

आणि मग खरी गंमत सुरू व्हायची. सगळ्या गुंडाळ्या सोडून पत्रं पारावर मांडली जायची. चित्र सगळ्यांवर एकच, नाव एकावरही नाही. प्रत्येक आईनं त्यातून आपल्या लेकराचं पत्र ओळखून काढायचं. मग पोरांकडे पाठ करून उभं राहायचं, एका हातानं खांद्यावर खीरपुरीची ताटली धरायची, दुसऱ्या हातानं पत्र उंच धरायचं आणि मागे न बघता विचारायचं, "अतीत कोण?" अतीत म्हणजे पाहुणा. ज्याचं ते पत्र असेल त्यानं मागून ओरडायचं, "मी!" आणि ताटली घेऊन पळायचं. पत्र दुसऱ्याच कुणाच्या पोराचं निघालं तर त्या पोरानं जीभ दाखवायची आणि आईनं पुन्हा शोधायला लागायचं.

पण आया सहसा चुकत नसत. कुंभारीणकाकूंचा मुलगा रंगवता रंगवता भुकेला व्हायचा, म्हणून त्याच्या चित्रात पाय कायम कोरे राहायचे. कोष्टिणीच्या लेकी सगळ्याला पट्टे काढायच्या, अगदी चंद्रालासुद्धा. धनगरणीच्या पोराच्या पत्राचा एक कोपरा शेळीनं खाल्लेला असायचाच. पत्र हातात घेतलं की आई म्हणायची, "हे आमचं ध्यान!" आणि ते म्हणताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

हळदवाली या गावात लग्न होऊन आलेली. तिच्या माहेरी ही रीत नव्हती. लहानपणी तिनं कधी रंगाचं बोट कागदाला लावलं नव्हतं. त्यामुळे गेल्या वर्षी सोनकी पहिल्यांदा आईपत्र रंगवणार म्हटल्यावर तिलाच जास्त हुरूप आला होता. पारावर मांडलेल्या चाळीसएक पत्रांतून तिनं सोनकीचं पत्र झटक्यात उचललं, कारण त्यातला पिवळा रंग तिच्या घरच्या हळदीचा होता. आपली हळद ती अंधारातसुद्धा ओळखली असती.

तिनं पत्र उंच धरलं आणि बायका खो खो हसत सुटल्या.

चित्रातली आई छान बसली होती, लुगडं हिरवं, कुंकू लाल, आणि नाक? नाक पिवळंधमक! पिकल्या लिंबासारखं. कुंभारीणकाकू तर हसता हसता खाली बसल्या. सोनकीनं "मी!" म्हटलं, खीर खाल्ली, तीही हसत होती. पण हळदवालीनं पत्र घाईनं खाली घेतलं. तिला वाटलं, बायका माझ्या लेकीला हसतात. माझ्या लेकीला साधं नाक रंगवता येत नाही म्हणून हसतात.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "सोनके, नाक असं कसं गं रंगवलंस?"

"तसंच असतं की," सोनकी म्हणाली.

"नाक पिवळं असतं? कुणाचं?"

"तुझं."

"पुरे झाला चावटपणा! पुढच्या वर्षी नीट रंगवायचं."

सोनकीनं खांदे उडवले आणि ती खेळायला पळाली. आईच्या मनातून मात्र ते हसू वर्षभर गेलं नाही. पाणवठ्यावर दोघीजणी हसल्या तरी तिला वाटायचं, त्या नाकावरूनच हसत असतील.

असं करता करता पुन्हा श्रावण आला.

या खेपेला आबांनी फारच सुरेख चित्र कोरलं होतं. दारात उभी आई, कमरेवर घागर, पायाशी एक कोंबडी आणि तिची पाच पिल्लं. सोनकी कागद घेऊन आली तशी कुठेतरी गडप झाली. चार दिवस तिची बोटं कधी निळी, कधी तांबडी दिसायची. पाचव्या दिवशी ती स्वच्छ हात धुऊन जेवायला बसली, तेव्हा आईनं ओळखलं की काम झालंय.

दुसऱ्या दिवशी हळदवाली कणगीतून जोंधळे काढायला गेली. जोंधळे आधीच काढून ठेवलेले होते, तरी गेली. कणगीच्या मागे एक गुंडाळी होती, आईच्याच जुन्या लुगड्याच्या लाल काठाच्या दोऱ्यानं बांधलेली.

'नुसतं बघते,' तिनं मनाशी म्हटलं. 'बघायला काय हरकत आहे?'

दोरा सोडला आणि तिनं कपाळाला हात लावला. घागर निळी, कोंबडी तांबडी, पिल्लं रेघेच्या थोडी आत थोडी बाहेर. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण नाक! पुन्हा पिवळं! आणि या वेळी नाकाबरोबर दोन्ही हातही कोपरापर्यंत पिवळे! कामाचे हात चित्रात कुणी तसेच रंगवतं का!

तिच्या डोळ्यांपुढे पार उभा राहिला. बायका हसतायत, पोरं हसतायत आणि मधोमध आपली सोनकी. लहान आहे म्हणून तिला अजून कळत नाही, पण एक दिवस कळेल, आणि मग तिला किती लागेल! नाही, आईनं पक्कं ठरवलं, या वर्षी माझ्या पोरीला कुणी हसणार नाही.

ती तशीच उठून आबांच्या ओट्यावर गेली.

"आबा, अजून एक पत्र छापून द्या की. सोनकीचं भिजलं."

आबांनी वर पाहिलं. "भिजलं? पावसानं तर आठ दिवस दडी मारलीय."

"घागर कलंडली," ती म्हणाली. खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे तिचे कान तापले.

"अगं, मग पोरीलाच पाठवायचंस. पोरांचं पत्र पोरांनीच न्यावं."

"ती रडत बसलीय."

म्हाताऱ्यानं ठशाला शाई लावली, कागद ठेवला, दाबला आणि नवं चित्र तिच्या हातात दिलं. त्याच वेळी सोनकी समोरच्या चिंचेच्या झाडावरून उडी मारत होती आणि तिचं हसू गल्लीभर ऐकू येत होतं. आबांनी तिकडे पाहिलं, हळदवालीकडे पाहिलं आणि ते शाईचं भांडं पुसायला लागले.

पुढच्या तीन दुपारी पोर खेळायला गेली की हळदवाली दाराला कडी लावून रंगवायला बसायची. आणि काय सांगावं, तिला ते काम फारच आवडलं! नीळ किती पातळ केली की आभाळाचा रंग येतो, गेरूत थोडं काजळ घातलं की कोंबडी कशी खरी दिसते, हे तिचं तिला सापडत गेलं. काडीला कापूस गुंडाळून ती रेघेच्या आत इतकं नेमकं रंगवायची की एक ठिपका बाहेर जायचा नाही. पाच पिल्लांना तिनं पाच वेगवेगळ्या छटा दिल्या. चित्रातल्या आईचा चेहरा गव्हाळ, हात गव्हाळ, नाकही गव्हाळ. तिसऱ्या दुपारी काम संपलं तेव्हा तिला चक्क वाईट वाटलं.

नवं पत्र तिनं त्याच लाल दोऱ्यानं बांधलं आणि कणगीमागे ठेवलं. जुनं चुलीत घालायला म्हणून घेतलं, पण हात पुढे होईना. कसंही असलं तरी लेकीनं चार दिवस खपून केलेलं होतं. शेवटी तिनं ते हळदीच्या मोठ्या रांजणात तळाशी सरकवलं आणि वर झाकण घातलं.

पिठोरीचा दिवस उजाडला. सकाळी बैल मिरवले. सोनकीचा बाप बैलांच्या शिंगांना गोंडे बांधण्यात इतका दंग होता की घरात काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता. हळदवालीनं आज कांडण बंद ठेवलं होतं. तिनं न्हाऊन ठेवणीतलं लुगडं नेसलं, खीरपुरी केली आणि ताटली झाकून ती पाराकडे निघाली. सोनकी आपली गुंडाळी छातीशी धरून पुढे पळत होती.

"आई, तू या वर्षी खूप हसशील!" ती मागे वळून ओरडली.

हळदवालीला कसंतरीच झालं. पण ती चालत राहिली.

पारावर पत्रं मांडून झाली आणि आया पुढे सरसावल्या. कुंभारीणकाकूंनी कोरे पाय शोधले. कोष्टिणीनं पट्टेरी कोंबड्या शोधल्या. धनगरणीला या वर्षी दोन कोपरे खाल्लेलं पत्र मिळालं आणि तिनं शेळीच्या नावानं बोटं मोडली. एकेक आई पाठ करून उभी राहत होती, "अतीत कोण?" म्हणत होती, "मी!" म्हणून पोर झेपावत होतं आणि हशा उसळत होता.

हळदवालीची पाळी आली. तिनं न शोधताच पत्र उचललं. ते इतकं देखणं होतं की बायकांत कुजबुज झाली.

"बाई गं! हे सोनकीनं रंगवलं?"

"काय हात आहे पोरीचा!"

एकही जण हसलं नाही. हळदवालीचा ऊर भरून आला. हेच तर तिला हवं होतं. तिनं पाठ फिरवली, डाव्या खांद्यावर ताटली धरली, उजव्या हातानं पत्र उंच केलं आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"अतीत कोण?"

मागून काही आवाज आला नाही.

तिला वाटलं, पोरगी लाजली असेल. तिनं पुन्हा विचारलं, "अतीत कोण?"

तरी शांतता. पोरांची चुळबुळ तेवढी ऐकू येत होती. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "सोनके, म्हण की मी! खीर निवतेय!" मग कोष्टिणीचा आवाज आला, "बोल बाळा, तुझी आई कधीची उभी आहे."

हळदवालीला मागे वळून बघता येत नव्हतं, रीतच तशी होती. खांद्यावरची ताटली जड वाटायला लागली. या पारावर आजवर कितीतरी आयांनी चुकीचं पत्र उचललं होतं, पण जिच्या पत्राला मालकच नाही अशी आई कधी उभी राहिली नव्हती. समोर रिकामी वाट होती आणि मागे तिची एकुलती एक लेक, जी तिला 'मी' म्हणत नव्हती.

"अतीत कोण?" तिसऱ्यांदा तिनं कसंबसं विचारलं.

मग सोनकी बोलली. ती रडत नव्हती. फक्त गोंधळली होती.

"माझं नाहीय ते, आई. दोरा माझा होता, पण चित्र माझं नाही. मी तर नाक पिवळं रंगवलं होतं."

"अगं, म्हणून टाक ना," एक पोर फुसफुसलं. "एवढं भारी चित्र! बक्कळ खीर आहे!"

"पण मी नाही रंगवलं," सोनकी म्हणाली. "मग मी कसं म्हणू?"

पारासमोरच्या आपल्या ओट्यावर बसलेले आबा नुसतेच आपल्या शाईच्या बोटांकडे बघत होते. आता हळदवालीला दोन वाटा होत्या. 'पोरीला आठवत नाही, लहान आहे,' असं म्हणून हसून वेळ मारून नेता आली असती. कुणी फार खोदून विचारलं नसतं. पण मग सात वर्षांची सोनकी सगळ्या गावासमोर खोटी पडली असती.

तिनं हात खाली घेतला. ताटली पारावर ठेवली. आणि मागे न वळताच ती म्हणाली,

"मी."

बायकांना काही समजेना.

"मी. मीच रंगवलंय ते," हळदवाली म्हणाली, आणि आता ती वळली. "गेल्या वर्षी तुम्ही सगळ्या हसलात. माझ्या पोरीला हसलात. या वर्षी कुणी हसू नये म्हणून मी तिचं बदललं. आबांशी खोटं बोलले. सोनके, तुझं पत्र मी लपवलं गं."

सोनकीचा खालचा ओठ थरथरला. "फाडलंस?"

"नाही! नाही गं बाई, फाडीन कशी? आणते. इथंच थांब. हलू नकोस!"

आणि ठेवणीतलं लुगडं नेसलेली हळदवाली भर गावातून पळत सुटली. बैल बिचकले, कोंबड्या उधळल्या, पाराजवळ बैलांपाशी उभा असलेला सोनकीचा बाप हातातला सुटलेला गोंडा तसाच धरून बघत राहिला. घरात शिरल्या शिरल्या तिनं रांजणाचं झाकण भिरकावलं आणि कोपरापर्यंत हात आत घातले. हळदीचा लोट उठला. पत्र सापडलं, पण नाकात हळद गेली. ती शिंकली. पुन्हा शिंकली. डोळ्यांतून आधीच पाणी येत होतं, त्यात हे. पालथ्या हातानं तिनं नाक खसाखसा चोळलं, पत्र पदराखाली धरलं आणि आली तशी धावत सुटली.

ती पारापाशी येऊन थांबली. धापा टाकत तिनं पत्र उघडून सगळ्यांसमोर धरलं.

"हे बघा! हे माझ्या सोनकीचं. हसायचं तर हसा. माझ्याच लेकीचं आहे!"

बायकांनी पत्राकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. पुन्हा पत्राकडे पाहिलं. पत्रातल्या आईचं नाक पिवळंधमक, हात कोपरापर्यंत पिवळे. आणि पत्र धरून उभ्या असलेल्या आईचंही नाक पिवळंधमक, हात कोपरापर्यंत पिवळे.

पहिल्यांदा धनगरणीला आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला, पण हसू बाहेर आलंच. मग कोष्टीण, मग पोरं, मग पलीकडे उभे असलेले बाप्ये. कुंभारीणकाकू नेहमीप्रमाणे खाली बसल्या.

"काय झालं? काय झालं हसायला?" हळदवाली भांबावून विचारू लागली.

कुंभारीणकाकू डोळे पुसत उठल्या, तिचा हात धरून तिला पारामागच्या विहिरीच्या काठी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "वाक जरा. बघ पाण्यात."

हळदवाली वाकली. पाण्यातून एक बाई तिच्याकडे बघत होती. कपाळावरचं कुंकू जरा फिस्कटलेलं, केस विस्कटलेले आणि नाक पिकल्या लिंबासारखं.

"हे... हे आत्ता लागलं असेल," ती पुटपुटली.

"आत्ता?" काकू म्हणाल्या. "अगं बाई, ज्या दिवसापासून या गावात मुसळ हातात घेतलंस, त्या दिवसापासून तुझं नाक असंच आहे. सकाळी न्हाऊन आरसा बघतेस तेवढंच काय ते तुला गव्हाळ दिसतं. बाकी दिवसभर आम्ही पिवळंच बघतो."

"मग कुणी सांगितलं का नाही मला?"

"सांगणार कोण? तुझ्या हातात कायम मुसळ!"

यावर इतका हशा पिकला की बैलांनीही माना वर केल्या. सोनकीच्या बापाला सगळ्यात जास्त हसू येत होतं, पण बायकोनं त्याच्याकडे पाहिल्यावर तो घाईघाईनं गोंडा बांधायला लागला.

"म्हणजे गेल्या वर्षी..." हळदवाली म्हणाली.

"गेल्या वर्षी आम्ही कशाला हसलो, तर एवढ्याशा पोरीनं तुला हुबेहूब रंगवलं म्हणून," कोष्टीण म्हणाली. "चाळीस पत्रांत तेवढंच होतं, ज्यातली आई कुणाची ते आम्हाला लांबूनसुद्धा कळलं. माझ्या पोरींनी तर मला पट्टे काढले होते!"

हळदवालीनं हातातल्या पत्राकडे पाहिलं. खरं म्हणजे ती ते आत्ताच पहिल्यांदा पाहत होती. इतके दिवस तिनं त्यातल्या चुका पाहिल्या होत्या. आता तिला दिसलं की चित्रातल्या आईच्या पिवळ्या हातांपाशी घागरीवरही पिवळी बोटं उमटलेली आहेत, जशी तिच्या घरच्या घागरीवर असतात. आणि पाच पिल्लांतल्या सगळ्यात लहान पिल्लाच्या डोक्यावर गवताच्या दोन काड्या काढलेल्या होत्या.

तिला रडू फुटलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती पुन्हा शिंकली.

आबांनी ओट्यावरून हाक मारली, "अगं, खीर पार निवली! रीत पुरी करा आता!"

हळदवाली लगबगीनं पारापाशी आली. तिनं पाठ फिरवली, खांद्यावर ताटली धरली, पत्र उंच केलं आणि विचारलं, "अतीत..."

"मी! मी! मी!"

पुढचा शब्द कुणाला ऐकूच आला नाही. सोनकीनं ताटलीऐवजी आधी आईलाच मिठी मारली, त्यामुळे थोडी खीर ठेवणीतल्या लुगड्यावर सांडली. एरवी त्यावरून केवढा गहजब झाला असता. आज बाईंनी नुसतं "सांडू दे" म्हटलं, आणि ते ऐकून सोनकीचा बापसुद्धा चकित झाला.

आबा काठी टेकत जवळ आले. पारावर ते दुसरं, देखणं पत्र एकटंच पडलं होतं.

"याचं काय करायचं?" त्यांनी विचारलं. "छापलंय मी, पण याला अतीत नाही."

हळदवाली ओशाळली. "फाडून टाका आबा. मला क्षमा करा. पोरांचा कागद मी खोटं बोलून नेला."

"थांबा!" सोनकी तोंडातली पुरी कशीबशी गिळत म्हणाली. "आई, हे खरंच तू रंगवलंस?"

"हो."

"सगळं? ही पिल्लंसुद्धा?"

"हो गं. लहानपणी मला कुणी कागद दिला नव्हता ना. रंगवायला बसले आणि... बरं वाटलं."

सोनकीनं पत्र उचलून नीट न्याहाळलं. "मग मला दे. माझ्या आईनं रंगवलंय ते. मी ठेवीन." मग ती जरा विचारात पडली. "फक्त एक राहिलंय."

तिनं हात वर केला, आईच्या नाकावरून एक बोट फिरवलं आणि ते पिवळं बोट चित्रातल्या त्या गव्हाळ नाकावर अलगद टेकवलं.

"आता झालं," सोनकी म्हणाली.

त्या वर्षानंतर आबा पिठोरीच्या आधी पत्रं छापायला बसले की चार कागद जास्त छापायचे आणि ओट्यावर वेगळे ठेवायचे, ज्या आयांना लहानपणी रंगवायला मिळालं नव्हतं त्यांच्यासाठी. पहिला कागद न्यायला हळदवाली यायची, थेट उखळावरून, नाक न पुसता.

तात्पर्य, मुलांनो आणि मुलांच्या आयांनो, इतकंच: लेकरानं आपल्या हातानं दिलेलं सुधारायला बसू नये. आपण त्याला कसे दिसतो ते त्यात आधी शोधावं, आणि सापडलं की मनापासून हसावं.